काल काय केलं ते लिहा

येल विद्यापीठाची ती गोष्ट तुम्हीही कधी ना कधी ऐकली असेल. अमेरिकेतल्या या नामांकित विद्यापीठातून १९५३ साली बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणे विचारलं, आयुष्याचं ध्येय कुणी कुणी कागदावर लिहून ठेवलंय? फक्त ३ टक्के हात वर झाले. वीस वर्षांनी पाहिलं, तर त्या ३ टक्क्यांकडे बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त संपत्ती! इथे वक्ता थांबतो आणि टाळ्या पडतात. मी ही गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकली, मुलीच्या कॉलेजात पाहुण्यांच्या तोंडून ऐकली, आणि व्हॉट्सअॅपवर तर ती दर १ जानेवारीला न चुकता येते.

असा अभ्यास कधी झालेलाच नाही. १९९६ मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्याचा माग काढला, तेव्हा ना तो करणारा संशोधक सापडला ना एखादा कागद. खुद्द येलमध्येही त्याचा पत्ता नव्हता. आता गोष्टी काय, खोट्याही चांगल्या असतात. लहान पोरांना मीही सांगते. माझी तक्रार गोष्टीनंतरच्या कार्यक्रमाबद्दल आहे. गोष्ट संपली की एकेक कोरा कागद वाटला जातो. ‘तुमच्या जमेच्या बाजू लिहा, उणिवा लिहा, पाच वर्षांनंतरचं ध्येय लिहा.’ आणि चांगली शिकली-सवरली माणसं लिहितात : मी प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, थोडी रागीट आहे; ध्येय, यशस्वी होणे. मग त्या कागदाची घडी पर्समध्ये जाते आणि सगळे चहाला उठतात.

मी कन्नड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. काही वर्षांपासून मुख्याध्यापकाचा कार्यभारही माझ्याकडेच आहे. म्हणजे वर्ग घ्यायचा, खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा आणि ऑनलाइन माहिती भरायची. राहायला कन्नडला, सासर पिशोरच्या अंगाला, घरी अद्रक आणि मका. स्वतःला सुधारण्याबद्दल मी लिहावं असं माझ्यात काही विशेष नाही. पण स्वतःचं मूल्यमापन करायला लावणारे कागद मी नोकरीभर भरत आणि भरून घेत आले आहे, आणि त्यातले बहुतेक वाया का जातात, हे हळूहळू माझ्या ध्यानात आलं आहे.

‘शाळासिद्धी’चंच घ्या. देशभरच्या शाळांनी स्वतःला स्वतःच तपासावं म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठाने २०१५ मध्ये आणलेली ही पद्धत. त्यात सात क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत. प्रत्येक मानकाला आपण पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या स्तरावर आहोत ते ठरवायचं. कल्पना उत्तमच आहे. पण आम्ही शिक्षक गोल करून बसलो, की एक गंमत दिसते. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, वाचनालयातली पुस्तकं इथे वाद होत नाही. उठून पाहून यायचं, लिहायचं. ‘नेतृत्व’ आलं, ‘अध्यापनाची गुणवत्ता’ आली, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. स्तर तीन लिहिला तर बाहेरून तपासायला माणसं येतील, एक लिहिला तर खुलासा द्यावा लागेल. दोन बरा. दोनला कुणी विचारत नाही.

स्वतःबद्दलही आपण हेच करतो. जिथे उठून पाहता येतं तिथे आपला अंदाज बरा असतो. जिथे नुसतं विशेषण लावायचं असतं, तिथे आपण एक तर फुगतो किंवा दबतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मध्ये हे मोजून दाखवलं. व्याकरण, तर्क अशा चाचण्यांत जे सगळ्यात खालच्या गटात होते, ते शंभरात सरासरी बाराव्या पायरीवर होते. स्वतःला मात्र ते बासष्टाव्या पायरीवर समजत होते. कारणही सरळ आहे. ज्याला व्याकरण येत नाही, त्याला आपली व्याकरणाची चूक दिसणार कुठून? चूक ओळखायलाही तेच ज्ञान लागतं. पण त्याच अभ्यासात सगळ्यात वरच्या गटातल्या लोकांनी स्वतःला होते त्यापेक्षा खाली ठेवलं होतं. फुगणाऱ्यांची चर्चा फार झाली. दबणाऱ्यांची कुणी करत नाही, आणि आमच्या भागात बायकांत तीच माणसं जास्त.

नव्या शैक्षणिक धोरणात मुलांसाठी ‘समग्र प्रगती पत्रक’ आलं आहे. त्यात मुलाने स्वतःबद्दल काय वाटतं तेही नोंदवायचं असतं. हे काय प्रकरण आहे ते आयांना कळावं म्हणून श्रावणातल्या माता-पालक बैठकीत मीही तोच कोरा कागद वाटला. वर लिहिलं होतं, ‘मला काय चांगलं येतं?’ पुढच्याच चटईवर चौथीतल्या एका पोरीची आई बसली होती. तिने कागद उलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

“काय लिहू मॅडम? मला काहीच येत नाही. मी तर आडाणी बाई.”

आडाणी नव्हे, सातवी पास. मी म्हटलं, “बरं, ते राहू दे. काल दिवसभर काय केलं ते सांग.”

“काल? काल काय, रोजचंच.”

“रोजचंच सांग.”

मग ती सांगत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेले. चारला उठले. म्हशीचं शेण काढलं, धार काढली, पोरासंगं दूध डेअरीला धाडलं. स्वयंपाक केला. अद्रकाला भर लावायला बाया होत्या, त्यांच्या संगं दुपारपर्यंत वावरात होते. त्यांची मजुरी वाटली. एकीला आधी उचल दिलेली होती, ती वळती करून घेतली. मग बचत गटाची मीटिंग. वसुली रजिस्टरला चढवली, बँकेची पावती भरली. येताना सासूबाईची बीपीची गोळी आणली. रात्री पोरीचा सतराचा पाढा घेतला. “मला येत नाही सतराचा, तिच्याच पुस्तकात बघून घेतला.”

फळा भरला. आधी पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बाया गप्प बसून वाचत होत्या. मी तिला विचारलं, “यातलं कोणतं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं?” तिने फळ्याकडे पाहिलं आणि एका दमात सांगितलं, “व्याज. रजिस्टर मी लिहिते, पण व्याज सचिवबाई काढती.”

अर्ध्या तासापूर्वी जिला काहीच येत नव्हतं, तिने आता आपल्याला नेमकं काय येत नाही ते एका शब्दात सांगितलं होतं. तो कागद तयार करणाऱ्या कुणालाही याहून चांगलं मूल्यमापन करता आलं नसतं. पुढे ती शाळा सुटल्यावर गटाची वही घेऊन येऊ लागली. महिना शेकडा दोनने पाच हजाराचे शंभर, हे तिला तोंडी येतच होतं. अडत होतं ते हप्ता फेडल्यानंतर. हजार फिटले तर पुढच्या महिन्यात व्याज चार हजारांवर धरायचं, म्हणजे ऐंशी. हे दोनतीन कर्जदारांच्या पानांवर करून पाहिलं आणि तिचं तिला उमगलं. तिच्या पोरीच्या पत्रकात ‘पालकांचा सहभाग’ या रकान्यात मी काय लिहिलं असेल, ते सांगायला नको.

‘मी कशी आहे’ या प्रश्नाला माणूस अडखळतो, ‘मी काय केलं’ याला अडखळत नाही. आणि सुधारायची जागा दुसऱ्या उत्तरातच सापडते. मला सांगायचं आहे ते एवढंच. याचा सगळ्यात चांगला नमुना मराठीत शंभर वर्षांहून जुना आहे, आणि कोणत्याही प्रशिक्षणात तो मी ऐकलेला नाही.

विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा, ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींकडे गेले. वय वीस. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. प्रकृती सुधारायची होती आणि वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी वेदान्त शिकायचा होता. वर्ष संपत आल्यावर, १९१८ च्या सुरुवातीला, त्यांनी गांधीजींना एक लांबलचक पत्र लिहिलं. पत्राचा सूर साधारण असा : मला उशीर का झाला आणि या काळात मी काय केलं, त्याचा हा हिशेब.

तो हिशेब खरोखर वाचण्यासारखा आहे. आधी अभ्यास : उपनिषदं, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन. काय शिकून झालं आणि काय नुसतं वाचून काढलं, हे त्यांनी वेगवेगळं सांगितलं आहे. मग व्यायाम : आधी रोज दहा-बारा मैल चालणं, नंतर जात्यावर सहा-आठ शेर दळण, मग तीनशे सूर्यनमस्कार आणि चालणं. मग आहार : मसाले सोडले, काही महिन्यांनी मीठही सोडलं. महिनाभर केवळ केळी, दूध आणि लिंबावर राहून पाहिलं, त्याने शक्ती कमी झाली, म्हणून ते बंद केलं. जेवणाला रोज किती पैसे पडतात तेही दिलं आहे. मग काम : गीता किती जणांना शिकवली, ज्ञानेश्वरीचे किती अध्याय घेतले, कुणाला इंग्रजी शिकवलं. विद्यार्थी मंडळ काढलं, आणि वाचनालयासाठी पोरांबरोबर दळण दळून पैसे उभे केले. सुमारे ४०० मैल पायी प्रवास केला, त्यात राजगड, सिंहगड, तोरणा. आश्रमाच्या व्रतांबद्दल लिहिताना मात्र हात आखडता आहे. माझ्या समजुतीप्रमाणे पाळली, इतकंच.

त्या केळी-दुधाच्या ओळीपाशी मी नेहमी थांबते. बावीस वर्षांच्या मुलाचा महिनाभराचा प्रयोग फसला आहे आणि तो हे कुणाला सांगतो आहे, तर गांधींना, ज्यांना आहाराच्या प्रयोगांचं भारी वेड. तरी त्यात ना पश्चात्ताप, ना सबब. केलं, असं झालं, थांबवलं. आपल्यातला एखादा असता तर त्याने ‘माझ्यात चिकाटी कमी पडते’ असं लिहिलं असतं, आणि मग त्या वाक्याचं करायचं काय हे कुणालाच कळलं नसतं. चिकाटी कशी दुरुस्त करणार? आहार मात्र दुसऱ्या दिवशी बदलता येतो.

पत्र वाचून गांधीजी उद्गारले, गोरखने मच्छिंद्राला हरवलं, हा तर भीम आहे. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांनी विनोबांना उत्तर धाडलं, त्यातला एक मुद्दा मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतो. तुमची परीक्षा करण्याची माझी योग्यता नाही. तुम्ही स्वतःची केलेली परीक्षाच मी मान्य करतो, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. परीक्षकाने उमेदवाराचे गुण जसेच्या तसे मान्य केले! हे उगाच घडलं नाही. मैल, शेर, विद्यार्थी, अध्याय असा हिशेब समोर आला, की वाचणाऱ्याला शंकेला जागा उरत नाही.

आता ध्येयाकडे येते. ध्येयाचं पुष्कळ शास्त्र आहे आणि त्यातलं खरं कुठलं नि व्हॉट्सअॅपचं कुठलं हे निवडावं लागतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून यावर काम केलं, आणि त्यांचा सगळ्यात पक्का निष्कर्ष असा : ‘जमेल तितकं चांगलं करा’ या सांगण्याने फारसं काही होत नाही, नेमकं आणि थोडं अवघड लक्ष्य दिलं की काम वाढतं. लॅथमचा ओक्लाहोमातला प्रयोग आमच्या भागात तर कुणालाही चटकन कळेल. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकवाले कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच माल भरायचे. त्यांना नुसतं एक लक्ष्य दिलं, ९४ टक्के. जास्तीचे पैसे नाहीत, धाक नाही. काही आठवड्यांत गाड्या नव्वद टक्क्यांच्या वर भरू लागल्या. (उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवरच्या ट्रॉल्या पाहिल्या की वाटतं, इथे उलट दिशेचं लक्ष्य द्यायला हवं.)

त्या प्रयोगातली सहज निसटणारी गोष्ट म्हणजे वजनकाटा. लक्ष्य ९४ आणि आपण ८१ वर आहोत, हे ड्रायव्हरला फेरीगणिक कळत होतं. काटा नसता तर लक्ष्य भिंतीवरच्या सुविचारासारखं राहिलं असतं.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. कन्नडला पहाटे पाचला बाहेर पडलात तर अशी पोरं-पोरी ठिकठिकाणी पळताना दिसतील. मैदानी चाचणी ५० गुणांची : मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० च्या जागी ८००. त्याच्या मोबाइलच्या कव्हरवर अविनाश साबळेचा फोटो आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यात गेला आणि तिथे पळायला लागला. २०१८ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ देऊन गोपाल सैनींचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. नंतर तो आपलाच विक्रम मोडत राहिला, कधी तीन-चार सेकंदांनी, कधी सेकंदाच्याही आत, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर आला. सहा वर्षांत वीस सेकंद. ऑलिम्पिकचं पदक नाही मिळालं, पण या पोरांना तो पटतो, कारण सेकंदांची भाषा तीही रोज बोलतात.

भाच्याची वही मी पाहिली आहे. तारीख, वेळ, आणि शेजारी बारीक अक्षरात : ‘चिखल होता’, ‘शेवटचा राउंड ढिला’, ‘रात्री उशिरा झोपलो’. विनोबांच्या पत्राशेजारी ठेवावी अशी वही. पण तीच वही उलटी केली की मागे लेखी परीक्षेचा अभ्यास. तिथे काय? ‘आज १० तास झाले.’ ‘आज अभ्यास चांगला झाला.’ ‘आज मूड नव्हता.’ एकच मुलगा, एकच वही. मैदानावर काटेकोर आणि अभ्यासिकेत मोघम. कारण मैदानावर घड्याळ आहे. अभ्यासिकेत खुर्चीवर बसल्याचे तास मोजले जातात, आणि खुर्चीवर बसून रील बघितलेलेही त्यात येतात.

मी त्याला सुचवलं ते इतकंच : तास लिहू नकोस. किती गणितं सोडवली, किती चुकली, आणि चुकलेलं गणित कोणत्या जातीचं होतं ते लिही. पंधरवड्याने वही घेऊन आला तेव्हा स्वतःच हसत होता. सगळ्यात जास्त चुका कशात? वेग, वेळ, अंतर! रोज पहाटे जे पायांनी करतो तेच कागदावर चुकत होतं. किलोमीटर-तासाचं मीटर-सेकंदात करताना ५/१८ ने गुणायचं, तिथे तो १८/५ धरत होता. ‘गणित कच्चं आहे’ असं तो दोन वर्षं स्वतःबद्दल म्हणत आला होता. गणित कच्चं नव्हतं, एक अपूर्णांक उलटा होता.

इथे एक सावधगिरी सांगते, कारण आम्हा शिक्षकांना ती महागात पडते. अजून न जमलेल्या, नव्या कामात निकालाचं लक्ष्य उलटं बसू शकतं, हेही लॅथमच्याच पुढच्या संशोधनात दिसलं. तिथे ‘इतके गुण मिळवायचे’ यापेक्षा ‘हे करण्याच्या अमुक युक्त्या शोधून काढायच्या’ असं शिकण्याचं लक्ष्य जास्त उपयोगी पडतं. तिसरीतल्या ज्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याला ‘मिनिटाला इतके शब्द’ हे लक्ष्य दिलं, तर तो वाचत नाही, अंदाज करतो. त्याला ‘आज र-काराचे चारही प्रकार शोध’ म्हटलं, की तो पुस्तकात बोट घालून बसतो.

आणि ठरवलेलं होत नाही, त्याचं काय? बहुतेक वेळा तिथे इच्छा असते, जागा आणि वेळ ठरलेली नसते. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात बायकांना स्तनांची स्वतः तपासणी करण्याबद्दल विचारलं होतं. ज्यांना ती करायचीच होती अशांपैकी काहींकडून फक्त ‘कधी आणि कुठे करणार’ एवढं लिहून घेतलं. महिनाभराने पाहिलं तर लिहून दिलेल्या सगळ्यांनी तपासणी केली होती. न लिहिलेल्यांपैकी ५३ टक्क्यांनी. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. म्हणून बचत गटाच्या बायकांना मी ‘तब्येतीकडे लक्ष द्या’ म्हणत नाही. ‘पाळी संपली की त्या आठवड्यात, आंघोळीला गेल्यावर’ असं म्हणते. त्या लाजतात, हसतात, पण लक्षात ठेवतात. एकवीस दिवसांत सवय लागते हेही येलच्या गोष्टीसारखंच ऐकीव. लंडनमधल्या २०१० च्या पाहणीत एखादी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला गणिताने २५४ निघाले. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यातच दिसलं. जानेवारीत फिरायला लागून संक्रांतीला सोडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत म्हणाल, तर मी मोठं काही ठरवत नाही. निवृत्ती जवळ आली आहे; पाच वर्षांनंतरचं ध्येय विचारलं तर गुडघे नीट राहावेत एवढंच सुचतं. पण वर्गातली एक गोष्ट मी धरली आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या सुमारास वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली : प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो? साधारण एक सेकंद. पुढे पुन्हा शिक्षकच बोलतो. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात.

वाचून मी स्वतःला विचारलं असतं, ‘मी मुलांना बोलू देते का?’ तर उत्तर ठरलेलं होतं : हो, पुष्कळ. म्हणून ते काम मी चौथीतल्या एका मुलीला दिलं. तीच, व्याज शिकायला येणाऱ्या बाईची पोरगी. परिसर अभ्यासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचं, आणि मी प्रश्न विचारून त्याचं उत्तर मीच दिलं की वहीत एक रेघ मारायची. पाचवी रेघ आडवी, मोजायला सोपं म्हणून. शिवना नदीचा पाठ होता. नदी कुठून येते? आपल्या डोंगरातून, हो ना! पाणी कधी आटतं? उन्हाळ्यात, बरोबर! तास संपल्यावर तिने पान माझ्यापुढे धरलं. एकावर एक जुड्या, पान भरून खाली आलेल्या. वर तिने आपल्या मनाने शीर्षक दिलं होतं : ‘मॅडमची उत्तरे’.

आता प्रश्न विचारला की मी खडू दुसऱ्या हातात घेते आणि मनात तीन मोजते. आधी ते तीन आकडे फार लांब वाटायचे. वर्गात शांतता पसरली की शिक्षकाच्या जिवात काहीतरी होतं. पण तेवढ्यात मागून उत्तरं येतात, आणि ती पुस्तकातली नसतात. नदी का आटते याला एका तांड्यावरच्या मुलाने सांगितलं, “आम्ही ऊसतोडीहून परत येतो ना, तव्हा आटलेली असती. आटती कवा ते म्या पाहिलंच नाही.” असं उत्तर मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मग त्या दिवशी नदी कधी आटते हे गावात राहिलेल्यांनी त्याला सांगायचं, आणि कारखान्यावर पाणी कुठून येतं हे त्याने बाकीच्यांना, असा तास झाला.

ती मुलगी जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. रेघांचं काम या वर्षी मी त्या तांड्यावरच्या मुलाच्याच भावाला दिलंय. पहिल्याच आठवड्यात त्याने वहीत माझ्या परवानगीशिवाय दुसरा रकाना आखला. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, तुम्ही ‘समजलं का’ म्हणता आन् आम्ही सगळे ‘हो’ म्हणतो. ते कुठं लिहू?” तो रकाना पहिल्यापेक्षा लवकर भरतोय.